रक्ताची साक्ष : ल्युपसच्या निदानाचा इतिहास

लॅटिन भाषेंत ‘ल्युपस’ म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्यानें लचका तोडल्यासारखे दिसत, म्हणून युरोपांतील जुन्या वैद्यांनीं या रोगास हें नांव दिलें असें मानतात. १८७२ सालीं व्हिएन्ना येथील मोरिट्झ कापोसी यानें, हा विकार केवळ त्वचेचा नसून सर्व शरीरांत पसरूं शकतो, हें दाखवून दिलें. तथापि पुढील पाऊणशें वर्षें निदानाची भिस्त वैद्याच्या डोळ्यांवरच राहिली. मुलाच्या गालांवर चट्टे नसून नुसता ताप व सांधेदुखी असली, तर तो संधिवातज्वर समजला जाण्याचा संभव फार.

१९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें माल्कम हारग्रेव्ह्ज व त्याचे दोन सहकारी यांनीं अशा रोग्यांच्या अस्थिमज्जेंत एक विलक्षण प्रकार पाहिला : एका पांढऱ्या पेशीनें दुसऱ्या पेशीचें केंद्रक गिळून टाकलें होतें. पुढच्याच वर्षीं असें आढळलें कीं, रोग्याचें रक्तजल निरोगी मज्जेंत मिसळलें असतां तोच प्रकार घडून येतो. म्हणजे दोष रक्तजलांत होता. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याचें टाळतें, या पॉल एर्लिखच्या जुन्या मतास हा मोठाच धक्का होता. १९५७ सालीं, हीं प्रतिपिंडें केंद्रकांतील डीएनएवर उलटतात, असें अनेक प्रयोगशाळांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. आणि त्याच सुमारास चकाकणाऱ्या रंगाच्या साहाय्यानें तीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत निघाली. आजची ‘एएनए’ चांचणी ती हीच.

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु खरी अडचण येथेंच उभी राहते. ल्युपसचे बहुतेक सर्व रोगी या चांचणींत पकडले जातात हें खरें. परंतु चांचणींत पकडलेले सर्वच कांहीं ल्युपसचे रोगी नसतात. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत निरोगी प्रौढांचें रक्तजल चाळीसपट पातळ करून तपासलें, तेव्हां शेंकडा ३१.७ जणांत, आणि एकशेंसाठपट पातळ केल्यावरही शेंकडा ५ जणांत, हीं प्रतिपिंडें दिसलीं. निरोगी मुलांतही तीं आढळतात. गुडघा दुखतो म्हणून आणलेल्या मुलाची ही एकच चांचणी करून आईबापांस लांडग्याचें नांव सांगणें, हें क्रौर्य होय.

उलटपक्षीं विलंबही तितकाच घातक. बालवयांत जडलेला ल्युपस अधिक तीव्र असतो आणि मूत्रपिंडांस अधिक वेळां ग्रासतो. तेंही पुष्कळदां निमूटपणें. चट्टे, तोंडांतील व्रण, सुजलेले सांधे, लघवींतून जाणारें प्रथिन, यांपैकीं कांहीं दिसतांच डीएनएविरुद्धचीं प्रतिपिंडें तपासण्यास दिरंगाई करूं नये. २०१९ सालीं युरोप व अमेरिका येथील संधिवाततज्ज्ञांनीं वर्गीकरणाचे जे निकष ठरविले, त्यांत एएनए ही केवळ प्रवेशाची पायरी आहे; पुढें लक्षणांचे व इतर चांचण्यांचे मिळून दहा गुण भरावे लागतात.

नवजात अर्भकाचें उदाहरण याहून बोलकें आहे. मातेच्या रक्तांतील ‘रो’विरुद्धचीं प्रतिपिंडें वारेंतून गर्भांत उतरतात; कित्येकदां तिला स्वतःला कांहींच होत नसतें. बाळाच्या अंगावरील चट्टे तीं प्रतिपिंडें कांहीं महिन्यांत नाहींशीं होतांच मावळतात. क्वचित् हृदयाच्या ठोक्यांत आलेला अडथळा मात्र जन्मभर राहतो. तेथें रक्त मुलाचें, पण साक्ष आईची!

पूर्वीं चांचणी नव्हती म्हणून असलेला रोग हुकत असे. आज ती सुलभ झाली म्हणून नसलेला रोग सांपडतो. दोन्ही चुकांवर उपाय एकच : आधीं मूल तपासावें, मग रक्त.