कटस्लोच्या दोन भिंती

ऑक्सफर्ड नगराची ख्याती तेथील पुरातन विद्यापीठामुळे जगभर पसरलेली आहे. परंतु याच नगराच्या उत्तरेस, कटस्लो नावाच्या वस्तीत, विटांच्या दोन भिंतींनी जवळजवळ पाव शतक जो कलह माजविला, त्याचा इतिहास तितका सर्वश्रुत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील नगरपालिका अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधून ती भाड्याने देऊ लागल्या. पुढे १९३० च्या कायद्याने गलिच्छ वस्त्यांचे निर्मूलन करून तेथील रहिवाशांना नवी घरे देण्याच्या कार्यास गती आली. कटस्लो येथे पूर्वेस ऑक्सफर्ड नगरपालिकेच्या भाडेकरूंची घरे उभी राहिली. पश्चिमेस अर्बन हौसिंग कंपनीने खाजगी घरे बांधली. जुन्या वस्त्यांतील काही कुटुंबे पूर्वेकडे राहावयास येताच, शेजारामुळे आपल्या घरांचे मोल उतरेल, अशी धास्ती कंपनीस वाटली. डिसेंबर १९३४ मध्ये तिने दोन्ही वसाहतींना जोडणाऱ्या रस्त्यांवर सुमारे सात फूट उंचीच्या भिंती घातल्या व त्यांवर लोखंडी सुळे बसविले.

बॅनबरी रोड हा हमरस्ता पश्चिमेस होता. तेथील बस गाठण्यासाठी पूर्वेकडील लोकांना आता मोठा वळसा पडू लागला. तान्ह्या मुलांच्या गाड्या ढकलीत जाणाऱ्या मातांना तो रोजचाच जाच झाला. मे १९३५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्ते एब लॅझरस यांच्या पुढाकाराने कुदळी घेऊन जमाव निघाला. पोलिसांनी त्यास अडविले.

जून १९३८ मध्ये नगरपालिकेने स्वतःच भिंती पाडल्या. कंपनीने न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने नगरपालिकेविरुद्ध कौल दिला, कारण कायद्याची रीत सोडून दुसऱ्याची मालमत्ता पाडण्याचा अधिकार लोकनियुक्त संस्थेसही नसतो. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या! १९४३ साली सरावाच्या वेळी सैन्याचा एक रणगाडा भिंत फोडून पार गेला. तेव्हाही युद्धखात्याने दुरुस्तीचा खर्च भरून ती पूर्ववत केली.

अखेर नगरपालिकेने कायद्याचाच मार्ग धरला. भिंतींखालील नऊ इंच रुंदीच्या पट्ट्या तिने १,००० पौंडांस खरेदी केल्या आणि ९ मार्च १९५९ रोजी भिंती कायमच्या पाडल्या. ज्या कायद्याने अन्यायास इतकी वर्षे आसरा दिला, त्याच कायद्याच्या आधाराने त्याचे निवारणही झाले. मात्र त्यासाठी ज्या मुलांना गाडीत घालून आयांनी वळसे घेतले, ती मुले मोठी व्हावी लागली.

२००६ साली तेथील एका घरावर या घटनेची स्मृतिपट्टिका बसविण्यात आली. रस्ते आता मोकळे आहेत. तथापि कार्लटन रोडने जुनी सीमा ओलांडली की त्याचा वूल्झी रोड होतो, आणि वेंटवर्थ रोडचा ऑल्ड्रिच रोड. भिंत पाडावयास एक दिवस पुरला; दोन्ही बाजूंची नावे मात्र अद्याप निराळीच राहिली आहेत.