गव्हाचे रुपये आणि संतांच्या पोथ्या

नगर जिल्ह्याला पाऊस नेहमी मापट्याने मोजून मिळाला; ग्रंथांच्या बाबतीत मात्र दैवाने हात आखडता घेतला नाही. नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले, ते शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला आणि १७७४ साली 'भक्तलीलामृत'. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचे नाव तर एका सबंध ताम्रपाषाण संस्कृतीला मिळाले. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु जुन्या गोष्टी सांगताना तोंडी 'नगर' येते, ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

या भूमीचा अभ्यास कोणी केला, हे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापलेले असते. अभ्यास करणाऱ्याच्या भाकरीची सोय कोणी लावली, हे मात्र कोणी फारसे विचारीत नाही. मी शाळामास्तर; महिन्याच्या पगाराशी माझे नाते घट्ट. म्हणून मला हाच प्रश्न आधी सुचतो.

पहिली सोय लावली ती मिशनने. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला येऊन राहिले. ते आले धर्मप्रसारासाठी, हे उघड आहे. पण ज्याला लोकांशी बोलायचे, त्याला त्यांची भाषा शिकावीच लागते. १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र निघाले, ते नगरातच. या मिशनऱ्यांपैकी एक आमॉस अ‍ॅबट. त्यांचे चिरंजीव जस्टिन अ‍ॅबट हेही मिशनरी झाले, आणि उतारवयात अमेरिकेला परतल्यावर या गृहस्थांनी काय करावे? मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे व्रत घेतले! १९२६ पासून त्यांची पुस्तके एकामागून एक निघू लागली. जोडीला होते पंडित नरहर गोडबोले. १९३२ साली अ‍ॅबट वारले; आणि 'भक्तविजया'चे भाषांतर त्यानंतर, १९३३-३४ मध्ये, बाहेर पडले. ताहराबादच्या कुळकर्ण्याची ओवी अशी सातासमुद्रापलीकडे पोचली. ज्यांचे दैवत निराळे, त्यांच्या हातून आमच्या दैवतांच्या कथा जगापुढे गेल्या, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर मिशनच्या जागी सरकारे आली. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला. आमच्या विद्वानांनी तिकडे जावे, त्यांच्या विद्वानांनी इकडे यावे, आणि खर्चाची चिंता कोणी करू नये, असा त्याचा आशय. आपल्या बाजूने त्यावर सही केली पंडित नेहरूंनी. याच नेहरूंनी १९४४ साली नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदी म्हणून राहत असताना भारताच्या इतिहासावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी मंडळी त्याच कोठडीकडची सोबती. शंका विचारायला विद्यापीठ जणू बराकीतच भरलेले. राहण्या-जेवण्याची सोय सरकारी आणि वेळ हवा तेवढा! अशी शिष्यवृत्ती मात्र कोणी मागून घेऊ नये. २००८ साली भारत सरकारने या योजनेचा निम्मा भार उचलला, तेव्हा तिच्या नावात नेहरूंचे नाव जोडले गेले.

आता गव्हाची गोष्ट. १९५४ साली अमेरिकेने एक कायदा केला, त्याचा क्रमांक ४८०. आपल्याकडे तो 'पी. एल. ४८०' म्हणून प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या कोठारांत धान्य मावत नव्हते आणि आपल्याजवळ ते विकत घ्यायला डॉलर नव्हते. तेव्हा असे ठरले की, भारताने धान्याचे पैसे रुपयांत द्यावेत आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच जमा राहावेत. १९५६ मध्ये आपण पहिला करार केला. १९६५-६६ च्या अवर्षणात बोटींमागून बोटी आल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांपुढे आजही 'मिलो' म्हटले की त्यांचे तोंड वाकडे होते. तांबड्या ज्वारीची ती भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तिने जीव जगवले, हेही तीच माणसे सांगतात.

या रुपयांचा ढीग एवढा वाढला की, तो खर्चावा कसा हाच प्रश्न पडला. शेवटी १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राजदूतांनी १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश भारत सरकारच्या हाती दिला आणि बरेचसे देणे मिटवले. पण त्याआधी त्या रुपयांतला थोडा वाटा विद्येकडे वळला होता. १९६१ साली नॉर्मन ब्राउन या संस्कृत पंडिताच्या पुढाकाराने अमेरिकन विद्यापीठांनी भारतविद्येसाठी एक संस्था काढली. फोर्ड फाउंडेशनची देणगी आणि हे धान्याचे रुपये, यांवर तिचा संसार उभा राहिला. तिचे पहिले बिऱ्हाड होते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. हेच ते कॉलेज, जिथल्या डॉ. सांकळियांनी १९५४ ते ५६ या काळात आमच्या नेवाशाला उत्खनन केले होते. या संस्थेच्या शिष्यवृत्त्यांवर परदेशी विद्यार्थी येऊ लागले, पुण्यात राहून मराठी शिकू लागले.

१९६२ पासून आणखी एक चमत्कार घडला. अमेरिकेच्या संसदेचे ग्रंथालय या रुपयांतून भारतीय भाषांतली नवी पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागले. त्यांत मराठी पुस्तके होती, कादंबऱ्या होत्या, दिवाळी अंकही होते. म्हणजे आम्ही खाल्लेल्या मिलोच्या पैशातून आमचीच पुस्तके बोटीत चढली!

यात आमचे नुकसान झाले, असे मी म्हणणार नाही. एलिनॉर झेलियट या विदुषींनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर १९६९ साली प्रबंध पुरा केला आणि पुढचे सबंध आयुष्य या विषयाला वाहिले. दलित साहित्याचे मोल जगाला सांगणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. आमच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याला दूरदेशी जाणते वाचक मिळाले, ते अशाच लोकांनी आधी जमीन नांगरून ठेवली होती म्हणून. परक्याच्या पैशाने का होईना, काम झाले.

पण एकदा वर्गात मी हे सारे सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्या गावावर लिहायला तिकडून माणसं येतात. मग आपल्यातलं कोणी लिहायचं म्हटलं, तर पैसे कोण देतं?" मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. तिच्या घरी मोडी कागदांचे दप्तर होते. आजोबांनंतर ते वाचणारे घरात कोणी उरले नव्हते.

तिच्या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही. १९०८ च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी धर्मानंद कोसंबींना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, त्यांनी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे. पुढे १९१० मध्ये कोसंबी पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला गेले, पण त्यांना आधी भाकरी मिळाली ती इथल्या हातून. दुसरा दाखला आमच्या जिल्ह्यातलाच. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिथल्या धनंजयराव गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी शेतकऱ्याचे काय भले झाले, याची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली छापला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले हेच गाडगीळ. आपल्याच माणसाने दिलेल्या पैशातून झालेली विद्या अशी परत आमच्या उसाच्या सरीत आली.

परदेशी शिष्यवृत्त्या आमच्या मुलांनी जरूर मिळवाव्यात. फुलब्राइटचे दार आजही उघडे आहे. पण ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न, हा जुना न्याय आहे. अमेरिकेला जे जाणून घ्यावेसे वाटले, ते तिने विचारले. त्या मुलीच्या घरच्या दप्तरात कोणत्या विहिरीचे आणि कोणत्या बांधाचे भांडण आहे, हे जाणून घ्यावेसे वाटणार ते आम्हालाच.

एवढ्यासाठी पी. एल. ४८० नको. तालुक्यातल्या एका पतपेढीने, एका कारखान्याने, नाहीतर गावातल्या दहा घरांनी मिळून एका विद्यार्थ्याला एक वर्ष मोडी शिकण्यापुरते पैसे दिले, तरी पुरे. अट सयाजीरावांचीच ठेवावी: वर्षाअखेर काहीतरी लिहून दाखवायचे. यंदा फराळाला चार घरची माणसे एकत्र जमतील, तेव्हा चिवड्याच्या बशीबरोबर हा विषयही मध्ये ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आणि माळ्यावर दप्तर असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका.