इंचभर उंचीचा इतिहास

१९७४ च्या उत्तरार्धात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडणारी एमजीबी ही स्पोर्ट्स कार एकाएकी उंच झाली. १९६२ पासून ही गाडी जमिनीलगत धावणारी, वळणावर चपळ आणि तुलनेने स्वस्त म्हणून ओळखली जात होती. तिचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिकेत होता. ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने धडक बसली तरी दिव्यांना इजा होऊ नये, बंपर ठरावीक उंचीवरच असावेत, पुढचे दिवेही फार खाली नसावेत, असे नियम त्या देशाने केले. गाडीचा पुढचा भाग नव्याने रचण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. म्हणून काळ्या रबरी आवरणाचे जड बंपर बसवण्यात आले आणि सबंध गाडीच इंच-दीड इंच वर उचलण्यात आली. त्याच सुमारास खर्च वाचवण्यासाठी पुढचा ॲन्टी-रोल बारही काढला गेला. वळणावर गाडीचे अंग एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही चाकांच्या सस्पेंशनला जोडणारा हा पोलादी दांडा दोनेक वर्षांनी अधिक जाड होऊन परतला; सोबत मागच्या बाजूलाही एक आला. मधल्या काळात मात्र चालकांना जे कळायचे ते कळून चुकले होते. गाडी वळणावर कलत होती आणि तिचा मागचा भाग भरवशाचा राहिला नव्हता.

इंच-दीड इंचाने एवढे काय बिघडावे? साधा हिशेब केला तर फारसे काही बिघडू नये. वळण घेताना आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. त्याचे प्रमाण गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतरावर अवलंबून असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल आणि तो अडीच सेंटिमीटरने वर गेला, तर हे भारांतर ५ टक्के वाढते. ५ टक्के म्हणजे नगण्य नव्हे, पण गाडीचा स्वभाव पालटण्याइतकेही नाही.

खरी मेख दुसरीकडे आहे. गाडीचे अंग ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. चाकाला धरून ठेवणाऱ्या भुजांच्या कोनांवरून त्याची जागा ठरते. गाडीला कलवणारी तरफ ही जमिनीपासून गुरुत्वमध्यापर्यंतची नसून रोल सेंटरपासून गुरुत्वमध्यापर्यंतची असते. एमजीबीच्या पुढच्या बाजूला सस्पेंशनच्या भुजा ज्या आडव्या तुळईवर बसवलेल्या होत्या, तिचीच उंची वाढवून अंग वर नेलेले होते. त्यामुळे भुजांचे कोन जसेच्या तसे राहिले, रोल सेंटर जागचे हलले नाही, गुरुत्वमध्य तेवढा वर गेला. तरफ लांबली आणि तिला आवरणारा दांडा काढून टाकलेला होता. मागे पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा अधिक बाकदार केल्या होत्या. अंग कलले की बाहेरच्या बाजूची पट्टी सपाट होऊन लांबते, आतल्या बाजूची आणखी वाकते, त्यामुळे मागची धुरा किंचित तिरकी होते आणि गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर सरकू पाहतो. स्प्रिंगांचा बाक जितका जास्त, तितका हा दोष ठळक.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पण पाच लाखांहून अधिक एमजीबी रस्त्यावर आलेल्या होत्या. उंच झालेल्या गाड्या पुन्हा खाली आणण्याचा उद्योग त्यांच्या मालकांनी तेव्हापासून चालवला आहे. पुढची बाजू खाली आणण्याचे त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, जुन्या गाडीची बुटकी तुळई आणून बसवणे. हे काम कष्टाचे. इंजिन पेलून धरावे लागते, ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागतात. दुसरा मार्ग आखूड स्प्रिंग घालण्याचा, तो एका दुपारचा. टेपने मोजले तर दोन्ही गाड्या सारख्याच बुटक्या भरतात. पहिलीत मात्र गुरुत्वमध्य खाली येतो आणि भुजा मूळच्या कोनात राहतात. दुसरीत अंग भुजांवर बसते, भुजा चाकाच्या दिशेने वर चढू लागतात आणि रोल सेंटरही खाली घसरते. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढे असलेल्या मॅकफर्सन स्ट्रट प्रकारच्या सस्पेंशनमध्ये तर अंग जेवढे उतरते त्याहून रोल सेंटर अधिक उतरते. म्हणजे गाडी बुटकी केली आणि कलण्याची तरफ वाढली! बुटकी गाडी अधिक झुकते हे मूळ स्प्रिंगांचा ताठरपणा तसाच ठेवून उंची उतरवणाऱ्या कित्येकांनी अनुभवले आहे. विक्रेत्यांच्या जाहिरातींत गुरुत्वमध्याचा उल्लेख हमखास असतो, रोल सेंटरचा क्वचितच.

स्प्रिंगेचा हिशेबही याहून सौम्य नाही. समजा, खड्ड्यातून जाताना चाकाला अंगाच्या दिशेने वर सरकायला ८ सेंटिमीटर जागा आहे आणि गाडी ४ सेंटिमीटरने उतरवली. उरली निम्मी जागा. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा असेल तर स्प्रिंग चौपट ताठर हवी. चौपट ताठर स्प्रिंग म्हणजे दुप्पट वारंवारता; सेकंदाला १.२ वेळा संथ हेलकावणारी गाडी २.४ वेळा हादरू लागणार. रोजच्या वापराच्या गाडीत इतकी ताठर स्प्रिंग सहसा कोणी घालत नाही. मग गाडी शेवटच्या रबरी गुटक्यावर आदळते. वळणाच्या मध्यावर असे घडले, तर त्या चाकाचा ताठरपणा एका क्षणात कैकपट वाढतो आणि टायरची पकड सुटते. उंची निवडताना म्हणूनच आधी ही उरलेली जागा मोजायची असते. तीही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवेचा दाब दोन्ही मापात मिसळतात.

हा हवेचा दाब किती महागात पडू शकतो, हे शर्यतींच्या जगाने पाहिले आहे. लोटसच्या १९७७ आणि १९७८ च्या गाड्यांनी तळाखालून वेगाने वाहणाऱ्या हवेचा कमी दाब वापरून गाडी रस्त्याला चिकटवून ठेवण्याचे तंत्र फॉर्म्युला वनमध्ये रुजवले. तेव्हापासून तेथे उंची मिलिमीटरात मोजली जाऊ लागली. वळणावरचे वेग धोकादायक होऊ लागले, तेव्हा १९८१ साठी गाडीखाली किमान ६० मिलिमीटर मोकळी जागा हवी असा नियम आला. ही जागा मोजली जात होती उभ्या गाडीखाली. ब्रॅबमचे अभियंते गॉर्डन मरे यांनी नेमकी हीच फट हेरली. त्यांच्या गाडीचे सस्पेंशन वेगासोबत वाढणाऱ्या हवेच्या भाराखाली हळूहळू बसत असे आणि शेवटच्या मंद फेरीत पुन्हा उठत असे. तपासनिसापुढे गाडी निमूटपणे ६० मिलिमीटरवर उभी. नियमाच्या अक्षरात गुन्हा सापडेना. नेल्सन पिके त्या वर्षीचे विश्वविजेते ठरले. युक्ती म्हणून ती अफलातून होती, पण तिची नक्कल करणाऱ्या इतरांनी जवळपास न हलणाऱ्या स्प्रिंगांच्या गाड्या मैदानात आणल्या आणि त्यांचे हादरे चालकांच्या पाठीने सोसले.

१ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे आयर्टन सेना यांचा मृत्यू झाला. अपघाताच्या कारणांवर पुढे इटालियन न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला; सुकाणूचा दांडा आधी तुटला की गाडी आधी घसरली, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. त्यातील एक विवेचन उंचीचे आहे. सुरुवातीच्या अपघातामुळे सर्व गाड्या काही फेऱ्या सेफ्टी कारमागे मंद धावल्या. टायर थंड झाले, आतल्या हवेचा दाब उतरला, गाडी काही मिलिमीटर खाली आली आणि वेगवान वळणावर तिचा तळ रस्त्याला घासून तळाखालचा हवेचा प्रवाह तुटला, असे ते सांगते. त्याच हंगामात गाड्यांच्या तळाला १० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी लावणे सक्तीचे झाले. ती १ मिलिमीटरहून अधिक झिजली तर गाडी बाद. ऑगस्ट १९९४ मध्ये बेल्जियमची शर्यत जिंकलेले मायकेल शूमाकर याच कारणाने बाद ठरले. २०२३ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शर्यतीनंतर लुइस हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर यांच्याही वाट्याला तेच आले.

भारतीय रस्त्यांवर अशा फळीची गरज नाही. झीज मोजायला गतिरोधक आहेतच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार सर्वसाधारण रस्त्यावरचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा असा हेतू. २.४५ मीटर धुरांतर असलेली स्पोर्ट्स कार त्याच्या माथ्यावर मधोमध आली, तर पोटाखाली फक्त ४४ मिलिमीटर जागा लागते, कारण चाकेही उंचवट्यावरच असतात. अडचण नाकाची आहे. पुढच्या चाकांच्या ९० सेंटिमीटर पुढे असलेले नाक, चाके उतारापाशी पोहोचण्याआधीच, ७४ मिलिमीटर उंचीच्या डांबराला भिडते. ११० मिलिमीटरची गाडी येथे ३६ मिलिमीटर राखून जाते. तीच ४० मिलिमीटरने उतरवली की ४ मिलिमीटर कमी पडतात. ब्रेक दाबल्यावर नाक आणखी खाली झुकते, ते वेगळेच. आणि हा झाला कागदावरचा गतिरोधक. गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा, १० सेंटिमीटरचा बांध दोन्ही चाकांच्या मध्ये येतो. तेथे पोटाखालीही पूर्ण १० सेंटिमीटर लागतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधन घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला. आखूड स्प्रिंगा मागवण्यापूर्वी ते वाचलेले बरे.

उत्पादकांनी यावर काढलेला तोडगा मरे यांच्या युक्तीची उलटी आवृत्ती आहे. पोर्शे ९११ मध्ये जादा पैसे मोजून अशी सोय घेता येते, की कळ दाबताच पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर वर उचलली जाते, फक्त मंद वेगात. गतिरोधक ओलांडला की नाक पुन्हा खाली येते.