टसर-पतंगाची नामपरंपरा आणि भंडारा

भंडारा जिल्ह्यातील ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या टसर-कीटकास प्राणिशास्त्रात ‘अँथेरिया मायलिट्टा’ म्हणतात. या नावाचा इतिहास पाहिला असता एकाच कीटकाकडे पाहणाऱ्या दोन ज्ञानपरंपरा दिसतात. त्यांपैकी एक ग्रंथांची, तर दुसरी अरण्यातील व्यवसायाची आहे.

लिनिअसने १७५८ साली बहुतेक निशाचर पतंग ‘फॅलीना’ या एकाच प्रजातीत घातले. ज्यांच्या अळ्या जमीन मोजीत चालल्यासारख्या दिसतात, त्यांचा ‘जिऑमेट्री’ हा त्यातीलच एक पोटविभाग होय. याच प्रजातीत त्याने ‘पॅफिया’ या जातीची नोंद केली. पुढे १७७३ साली लंडनच्या ड्रू ड्रुरीने ‘मायलिट्टा’ हे नाव दिले. तरीही विल्यम रॉक्सबर्गने १८०४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात बंगालच्या टसर-कीटकास ‘पॅफिया’ असेच म्हटले. ह्युबनरने १८१९ साली ‘अँथेरिया’ ही प्रजाती स्थापिली. जातिनामाचा घोळ मात्र पुढेही चालू राहिला. गंमत अशी की, पॅफिया हे ग्रीक अॅफ्रोडाइटी देवतेचे विशेषण आहे आणि हिरोडोटसच्या मते मायलिट्टा हे त्याच देवतेचे असिरियन नाव. तात्पर्य, ज्या दोन नावांचा वाद झाला, ती मुळात एकाच देवतेची होती.

देशी शब्दांची दृष्टी याहून वेगळी आहे. ‘टसर’ हा शब्द संस्कृत ‘त्रसर’, म्हणजे विणकराचा धोटा, यावरून आला असे मानतात. ‘कोसा’ हा ‘कोश’ शब्दाचा तद्भव आहे. ग्रंथकारांनी पंख पाहून नाव दिले, तर व्यवसायाने कोश व वस्त्र पाहून.

पतंगाचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते. त्यास अन्नग्रहण करता येत नाही. मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. चार वेळा कात टाकून अळी पाच अवस्था पार करते व पानांच्या आश्रयाने देठयुक्त कठीण कोश विणते. थंडीतील कोशात कोशस्थ कीटक सुप्तावस्थेत राहतो आणि पावसाळ्याच्या आगमनाबरोबर पतंग बाहेर येतो. या चक्रावरच जिल्ह्यातील ढिवर समाजाच्या कोसापालनाचे वेळापत्रक आधारलेले आहे. कोशापासून निघालेल्या सुताचे विणकाम मोहाडी, आंधळगाव या भागांतील कोष्टी करीत आले आहेत.

ही जाती मध्य व पूर्व भारताच्या पानझडी वनांत पसरलेली असून तिचे सुमारे ४४ स्थानिक प्रकार सांगितले जातात. झारखंडचा ‘डाबा’, बस्तरचा ‘रैली’ तसाच ‘भंडारा’ हाही एक होय. म्हणजे द्विनामपद्धतीने जो भेद दाखविला नाही, तो शास्त्रास अखेर गावाच्या नावाने दाखवावा लागला. बाहेरचे बियाणे येऊन संकर होत गेला, तर या स्थानिक प्रकाराचे वेगळेपण राहणार नाही. मग ‘भंडारा’ हे केवळ यादीतील नाव उरेल. म्हणूनच मूळ वनातील बियाण्याचे रक्षण हा नामशास्त्राचाही प्रश्न ठरतो.