‘स्वयंसिद्ध’ : एका विशेषणाचा इतिहास

इंग्रजी भाषेंत जवळजवळ एकच अर्थ सांगणारीं विशेषणें पुष्कळ आहेत, आणि त्यांतून कोणतें घ्यावें हा प्रश्न बहुधा वैयाकरणांचा व परीक्षार्थींचा समजला जातो. परंतु इ. स. १७७६ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें हाच प्रश्न एका राष्ट्राची जन्मपत्रिका मांडतांना उपस्थित झाला होता.

अमेरिकेंतील तेरा वसाहतींचें स्वातंत्र्यपत्र तयार करण्यासाठीं ता. ११ जून रोजीं पांच जणांची समिती नेमण्यांत आली, व मसुदा लिहिण्याचें काम टॉमस जेफर्सन या तेहतीस वर्षांच्या गृहस्थाकडे आलें. सर्व मनुष्य समान उत्पन्न झाले आहेत इत्यादि सत्यांना त्यानें प्रथम ‘सेक्रेड’ आणि ‘अन्डिनायेबल’, म्हणजे पवित्र व निर्विवाद, अशीं दोन विशेषणें जोडलीं होतीं. तीं खोडून तेथें ‘सेल्फ-एव्हिडन्ट’, म्हणजे स्वयंसिद्ध, हें एकच घातलेलें आहे. खोडाखोडीचा तो कागद वॉशिंग्टन येथील काँग्रेस-ग्रंथालयांत जपून ठेवलेला आहे. दुरुस्ती करणारी लेखणी कोणाची, याविषयीं मात्र विद्वानांत एकमत नाहीं. अक्षर बेंजामिन फ्रँकलिनच्या वळणाचें दिसतें असें कार्ल बेकर यानें १९२२ सालीं लिहिलें. पुढें जूलियन बॉइड यानें तें जेफर्सनचेंच ठरविलें.

वरवर पाहतां तिन्ही शब्दांचा आशय एकच. परंतु पवित्र म्हटलें कीं श्रद्धा आली. निर्विवाद म्हटलें कीं वाद घालूं इच्छिणारा कोणी तरी समोर उभा आहे, हें कबूल केल्यासारखें होतें. स्वयंसिद्ध हा भूमितीच्या कुळांतला शब्द. विधानाचा अर्थ कळला कीं त्याचें सत्यत्व कळलें, निराळें प्रमाण नको. मनुष्याच्या समतेला धर्मपीठाच्या आधारावांचून उभें करणारें हें विशेषण आम्हांस तरी पहिल्या दोहोंपेक्षां सरस वाटतें. त्याच वाक्यांतील ‘इन्-एलियनेबल’ बदलून छापील प्रतींत ‘अन्-एलियनेबल’ झालें, त्यांत मात्र अर्थभेद कांहींच नाहीं. १९४३ सालच्या जेफर्सन-स्मारकावर पुन्हा पहिलेंच रूप कोरलें आहे.

विशेषणांची ही निवड केवळ शोभेची नव्हती. व्हर्जिनियाच्या हक्कपत्रांत, जून १७७६ मध्येंच, जॉर्ज मेसनचे ‘स्वतंत्र’ हें विशेषण आलें, तेव्हां गुलाम बाळगणाऱ्यांच्या आक्षेपावरून तेथें, मनुष्य समाजांत प्रवेश करतो तेव्हां, अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागली. गुलाम समाजाचे घटकच नव्हेत, असें म्हणण्यास वाट मोकळी राहिली. उलट मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेंत ‘स्वतंत्र व समान’ अशीं विशेषणें पुस्तीवांचून आलीं, आणि क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यांत १७८३ सालीं मुख्य न्यायाधीश कुशिंग यांनीं त्यांच्याच आधारें गुलामगिरी त्या घटनेशीं विसंगत ठरविली. जेफर्सन स्वतः मात्र आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक गुलामांचा धनी होता! आपलें स्वयंसिद्ध सत्य आपल्याच अंगणांत लागू करण्याचें त्याच्या हातून झालें नाहीं.

इ. स. १८५४ मध्यें, नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाव द्यावा कीं नाहीं या वादांत, इंडियानाचा सेनेटर पेटिट यानें तें सत्य म्हणजे ‘स्वयंसिद्ध असत्य’ आहे असें बेधडक सांगितलें. विशेषण तेंच, विशेष्य मात्र फिरविलें. त्याच वर्षीं पिओरिया येथील भाषणांत लिंकननें या उद्गाराचा समाचार घेतला. लिंकन हा यूक्लिडचा अभ्यासक. पहिले सहा भाग आपण बहुतेक हस्तगत केले, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. स्वयंसिद्ध कोणतें व सिद्ध करावें लागणारें कोणतें, हा भेद त्यास शिकविण्याची गरज नव्हती. म्हणूनच ता. १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं गेटिसबर्गच्या रणभूमीवर बोलतांना त्यानें जेफर्सनचें विशेषण घेतलें नाहीं. समतेच्या त्याच तत्त्वाला ‘प्रॉपोझिशन’, म्हणजे ज्याला सिद्धता द्यावी लागते असें विधान, म्हटलें. तेव्हां युद्धाचे अजून सुमारें सतरा महिने बाकी होते. गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्यें अमलांत आली. तिचा पुरस्कर्ता लिंकन त्यापूर्वींच, एप्रिलमध्यें, मारला गेला होता.