स्वतःच्या खांद्यावर चढणारे यंत्र

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत एक दृष्टान्त वारंवार येतो. डोंबाऱ्याचा पोर कितीही तरबेज झाला, तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही. इंग्रजीतही याच अशक्यतेची एक म्हण आहे. बूट पायात ओढून घेण्यासाठी त्याच्या मागच्या बाजूस एक बंद असतो. तो बंद ओढून माणसाने स्वतःलाच जमिनीवरून वर उचलावे, अशी ती कल्पना. त्या बंदाचे नाव 'बूटस्ट्रॅप'. आज घरोघरी 'संगणक बूट होत नाही' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातला 'बूट' हा शब्द तेथूनच आला. या शब्दामागे एक खरेखुरे कोडे आहे, आणि ते ज्याला ठाऊक नाही त्याच्या घरी कधी तरी मोठे नुकसान होण्याचा संभव आहे. आमच्या घरी ते झाले, म्हणून हा विषय घेतला.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही घरच्या संगणकावर विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालून घेतली. त्याच बैठकीत डिस्कचे भागही नव्याने पाडले गेले. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होईना. काळ्या पडद्यावर 'हॅल' नावाची एक फाइल गहाळ किंवा खराब असल्याची ओळ येई आणि सारे तेथेच थांबे. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी 'डिस्क गेली' असा निर्णय दिला, आम्ही मान डोलावली, आणि सगळी डिस्क पुसून प्रणाली पुन्हा घालण्यात आली. यंत्र सुरू झाले. परंतु आमच्या वडिलांनी अखेरच्या दोन वर्षांत सांगितलेल्या आणि आम्ही संध्याकाळी बसून टंकलेल्या आठवणी त्यात पुसल्या गेल्या. 'गेलेली' ती डिस्क मात्र पुढे चार वर्षे निमूटपणे चालली. मग त्या रात्री बिघडले होते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही थेट १९४९ सालापर्यंत मागे गेलो.

कोडे असे आहे. संगणकाला प्रत्येक काम आज्ञा देऊन सांगावे लागते. या आज्ञांचा समूह, म्हणजे प्रोग्रॅम, यंत्राच्या स्मृतीत असेल तरच यंत्र चालते. पण प्रोग्रॅम बाहेरून स्मृतीत आणणे हेही एक कामच. मग ते काम सांगणारा पहिला प्रोग्रॅम स्मृतीत आणावयाचा कोणी? १९४६ साली फिलाडेल्फियात प्रसिद्धीस आलेल्या 'एनिॲक' यंत्रापुढे हा प्रश्न नव्हता, कारण त्याला काम सांगावयाचे म्हणजे माणसांनी तारा आणि स्विच नव्याने जुळवावयाचे. प्रोग्रॅम स्मृतीत साठवणारी यंत्रे आली आणि डोंबाऱ्याचा पोर समोर उभा राहिला.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या 'एडसॅक' यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवून दाखविला. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची होती. पाऱ्यातून धावणाऱ्या ध्वनिलहरींच्या रूपाने आकडे तेथे फिरत राहत, आणि वीज बंद झाली की सारे विरून जाई. रोज सकाळी यंत्र कोऱ्या पाटीसारखे. यावर डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने ३१ आज्ञांचा एक आटोपशीर संच रचला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरीत तसल्या फिरत्या स्विचांवर त्या आज्ञा तारांनी कायमच्या जोडून ठेवल्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत, कागदी फितीवरील छिद्रे वाचू लागत, आणि फितीवरचा प्रोग्रॅम आत आला की त्याच्या हाती कारभार सोपवीत. डोंबाऱ्याच्या पोराला स्वतःच्या खांद्यावर चढणे शेवटी जमले नाही ते नाहीच. त्याच्या पायाखाली कोणी तरी आधीच एक चौरंग ठेवला, एवढेच. १९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' नावाचे एक बटण होते. ते दाबले की पत्रिकेवरील किंवा फितीवरील पहिल्या आज्ञा आत येत आणि त्या पुढच्या आज्ञांना ओढून घेत. 'बूटस्ट्रॅप' हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो याच सुमारास.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० साली कामास लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्या काळात यंत्र बांधणारे आणि वापरणारे बहुधा एकाच छपराखाली असत. यंत्राला जागे कसे करावयाचे ही चिंता गृहस्थाश्रमी माणसाच्या वाट्यास आली नव्हती.

१९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या लहान संगणकाची गोष्ट आमच्या विषयाच्या अधिक जवळची आहे. त्याच्या दर्शनी फळीवर स्विचांची रांग असे, आणि पहिल्या आज्ञा ते स्विच वरखाली करून हाताने भराव्या लागत. स्मृती चुंबकीय कड्यांची असल्याने वीज गेली तरी त्या आज्ञा टिकत. परंतु एखादा चुकार प्रोग्रॅम त्यांवरच लिहून गेला, की पुन्हा हाताने भरणे आले. चालक मंडळींना त्या आज्ञा परवच्यासारख्या पाठ असत. नव्याने आलेल्याने जुन्याची पहिली पायरी पुसून टाकावी, हा प्रकार आमच्या संगणकांहून इतका जुना आहे.

१९७५ साली 'अल्टेअर ८८००' हे हौशी लोकांचे यंत्र निघाले. त्यासाठी 'बेसिक' ही भाषा तयार करून पॉल ॲलन हे फीत घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरावयास आले तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की फीत आत घेणारा प्रोग्रॅम तर लिहिलाच नाही! तो त्यांनी आसनावर बसल्या बसल्या लिहिला आणि तेथे पोचल्यावर स्विचांनी यंत्रात भरला. एवढी मोठी मिरवणूक, आणि वेशीची किल्लीच घरी राहिलेली. ती वेळेवर घडवता आली म्हणून ॲलन आणि त्यांचे भागीदार बिल गेट्स यांचा धंदा मार्गी लागला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आला. त्याच्या पहिल्या आज्ञा 'बायोस' या नावाने एका न पुसणाऱ्या चिपमध्ये बसविल्या होत्या. १९८३ साली या यंत्राच्या नव्या आवृत्तीत हार्ड डिस्क आली, आणि तेव्हा ठरलेली व्यवस्था पुढे कित्येक वर्षे जगभर चालली. बायोसला डिस्कवरचे काहीही कळत नसे. तो फक्त डिस्कचा पहिला कप्पा, अवघ्या ५१२ बाइटांचा, उचलून आणी आणि त्याच्या हाती कारभार देई. त्या ५१२ पैकी ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीसाठी, आणि शेवटचे दोन कप्पा खरा असल्याच्या खुणेसाठी. हा कप्पा पुढच्याचा पत्ता सांगे, तो त्याच्या पुढच्याचा. जुन्या डाकेच्या हरकाऱ्यांप्रमाणे प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा ठाऊक. संपूर्ण वाट कोणालाच ठाऊक नसते.

आता नव्याने प्रणाली घातल्यावर काय होते ते पाहा. एकाच डिस्कवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवणाऱ्यांचा अनुभव असा, की विंडोज नव्याने घातली की ती पहिल्या कप्प्यात न विचारता आपल्या आज्ञा लिही. लिनक्स डिस्कवर जशीच्या तशी असे, पण तिच्याकडे जाण्याचा रस्ता नाहीसा होई. लिनक्सची स्वतःची तऱ्हाही काही कमी नव्हती. तिचा 'लिलो' नावाचा जुना हरकारा प्रणालीचे डिस्कवरील ठिकाण क्रमांकाने लक्षात ठेवी; प्रणालीची नवी प्रत घातली आणि लिलोला कळविले नाही, की तो जुन्या पत्त्यावर जाऊन उभा राही. मात्र त्याचा एक गुण घेण्यासारखा होता. प्रत्येक टप्प्यावर तो आपल्या नावाचे एकेक रोमन अक्षर पडद्यावर उमटवी. चारांपैकी दोनच अक्षरे दिसली, तर गाडी दुसऱ्या टप्प्यावर अडली, हे जाणत्याला लगेच समजे.

आमचा घोटाळाही याच जातीचा. विंडोज एक्सपीमध्ये 'बूट' नावाची एक छोटी मजकुराची फाइल असे. प्रणाली डिस्कच्या कितव्या भागात आहे एवढेच तीत लिहिलेले असे. नवे भाग पाडताना क्रमांक बदलले, आणि फाइलीत जुनाच क्रमांक राहिला. हरकारा चुकीच्या घरी गेला, तेथे त्याला 'हॅल' सापडली नाही, आणि त्याने 'फाइल गहाळ आहे' असे सांगितले. ते त्याच्या परीने खरेच होते. एक आकडा बदलला असता तर यंत्र चालू झाले असते. त्या एका आकड्यासाठी आम्ही सारे घर पाडले.

आजची व्यवस्था वेगळी आहे. २००५ साली स्थापन झालेल्या एका संयुक्त मंडळाच्या देखरेखीखाली बायोसच्या जागी 'यूईएफआय' आली. ती डिस्कवरील फाइली वाचू शकते. सुरुवातीच्या फाइलींसाठी डिस्कवर एक स्वतंत्र छोटा भाग असतो, आणि त्यांचे पत्ते मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेले असतात. सोय वाढली, पण चुकण्याच्या जागाही वाढल्या. पेनड्राइव्हवरून जुन्या पद्धतीने प्रणाली घातली आणि यंत्र नव्या पद्धतीने सुरू होऊ पाहत असले, तर दोघांची गाठ पडत नाही. नव्या डिस्कवर विंडोज घालताना जुनी डिस्क जोडलेलीच राहिली, तर सुरुवातीच्या फाइली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात. पुढे जुनी डिस्क काढली की नवी मुकी होते. डिस्क जोडण्याची पद्धत ठरविणारी मांडणी कोणी मध्येच बदलली, तर निळा पडदा येतो.

तेव्हा यंत्र सुरू होत नसेल तर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ते कोणत्या टप्प्यावर थांबले? पडदा उजळतच नसेल, नुसते बीप ऐकू येत असतील, तर दोष डिस्कपर्यंत पोचण्याच्या आधीचा. निर्मात्याचे नाव दिसून मग 'सुरू करण्याजोगे साधन नाही' असे आले, तर प्रथम यंत्राच्या मांडणीत डिस्क दिसते का आणि तिचा क्रम बरोबर आहे का हे पाहावे. ती दिसत असेल तर बहुधा पत्ता चुकलेला असतो. विंडोजचे चिन्ह येऊन यंत्र अडले, तर हरकारे आपापले काम करून गेले, बिघाड प्रणालीच्या घरातला. विंडोजच्या पेनड्राइव्हवर सुरुवातीची दुरुस्ती करण्याची सोय असते. पुसण्याआधी ती वापरावी. आणि या सर्वांच्या आधी, पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स लावून आपल्या फाइली दिसतात का ते पाहावे, आणि दिसल्या तर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्क कुलूपबंद असेल तर विंडोजची ४८ आकडी चावी लागते. ती आजच कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

दुरुस्तीला आलेल्या त्या गृहस्थांवर आमचा राग नाही. त्यांना यंत्र चालू करून द्यावयाचे होते आणि ते त्यांनी करून दिले. आत काय आहे हे ठाऊक होते ते आम्हांला, आणि 'थांबा' म्हणण्याचे कामही आमचेच होते. वडिलांच्या आठवणींपैकी जेवढ्या स्मरल्या तेवढ्या आम्ही पुन्हा लिहून काढल्या आहेत. या वेळी त्यांच्या तीन प्रती आहेत, आणि त्यांतली एक कागदावर आहे.