दूध, जायफळ आणि मेलाटोनिन

झोप येत नाही म्हटले की घरातली वडीलधारी माणसे दुधात जायफळ उगाळून देतात. आता त्याच उशाशी मॅग्नेशियमची बाटली आणि मेलाटोनिनची गोळीही आली आहे. ही सारी एकत्र घेतली तर झोप सुधारते का, या प्रश्नाभोवती एक अभ्यासक्षेत्र उभे राहते आहे. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने इटलीतल्या पाव्हियापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

तिथल्या चाचणीचा अहवाल २०११ साली आला. शुश्रूषागृहात राहणाऱ्या, निद्रानाशाने त्रासलेल्या ४३ वृद्धांपैकी सुमारे निम्म्यांना ५ मिलिग्रॅम मेलाटोनिन, २२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ११.२५ मिलिग्रॅम जस्त एकत्र करून, नासपतीच्या गरातून, झोपेच्या तासभर आधी देत. बाकीच्यांच्या गरात औषधी असे काही नव्हते. आठ आठवड्यांनी पहिल्या गटाची झोप स्पष्टपणे सुधारली. पण गुण कोणाचा? मेलाटोनिनचा, मॅग्नेशियमचा, की तिघांच्या संगतीचा? हे कळायला तीन घटकांसाठी आठ गट लागतात, चारांसाठी सोळा. दहा वनस्पतींचे अर्क कोंबलेल्या कॅप्सूलसाठी एक हजार चोवीस! जाहिरातदार हा हिशेब करत नाहीत.

आयुर्वेदाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. तिथे मिश्रण हेच औषध, आणि आहारही उपचाराचाच भाग: चरकसंहितेत झोप न येणाऱ्यासाठी म्हशीचे दूध सांगितले आहे. आपली जटामांसी आणि तगर युरोपातल्या व्हॅलेरियनच्या नात्यातल्या; त्यामुळे दोन्ही परंपरा शेजारी ठेवून वाचण्यात मौज आहे. मात्र जुनेपणा हा पुरावा नव्हे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१७ साली दीर्घकालीन निद्रानाशासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन वापरू नये, असाच सल्ला दिला. पुरावा कच्चा असल्याचेही तिने मोकळेपणाने नोंदवले. संशोधकाला जागा आहे ती इथेच.

एक अडचण मात्र प्रयोगशाळेबाहेरची आहे. कॅनडात ३१ मेलाटोनिन उत्पादने तपासली, तेव्हा लेबलावरच्या आकड्यापेक्षा कुठे ८३ टक्के कमी, तर कुठे ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघाले. अशा दोन बाटल्या एकत्र केल्यावर मात्रा कशाला म्हणायचे? म्हणून पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक अभ्यासात घटकांचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजले होते का, हे आधी पाहावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियमचे, आणि झोपेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी व्हॅलेरियनचे प्रकरण डॉक्टरांशी बोलल्याखेरीज स्वतःवर आजमावू नये.